ढगाकडे जाणारा रस्ता राखोलीवरून जातो

सिल्वासातल्या कुठल्याही टेक्श्चरायझिंग युनिटच्या डिस्पॅच खिडकीपाशी संध्याकाळी थोडा वेळ उभं राहावं. ट्रकमध्ये धाग्याचे कार्टन चढलेले असतात. ड्रायव्हर चहा संपवून घाई करत असतो. एलआर, वजनकाट्याची पावती, इनव्हॉइस आणि ई-वे बिल या कागदांचे मोबाइलवर फोटो निघतात, आणि मुंबईच्या हेड ऑफिसला फोन लागतो.

"मॅडम, ड्राइव्हवर टाकलंय, बघा."

"इथं दिसत नाही रे अजून."

"सिंक होतंय. दोन मिनिटं."

या अंकाचा विषय 'साठवण' असा ठरला तेव्हा संपादकांच्या डोळ्यांसमोर कणग्या आणि पावसाळ्याची बेगमी असणार. पण आज घराघरांतली आणि ऑफिसांतली सर्वांत मोठी साठवण कुणाच्या नजरेला पडत नाही. लग्नाचे फोटो, सातबारा, कामगारांची आधारकार्डं, दहा वर्षांचे हिशेब असं सगळं कुठेतरी 'वर' असतं. क्लाउड म्हणायची सवय झाल्यामुळे ते आभाळात असल्यासारखं वाटतं. त्याचा जमिनीवरचा माग काढायला सिल्वासा ही चांगली जागा आहे, आणि त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण इथल्या धंद्याच्या रचनेत आहे. सिल्वासा ज्या दादरा आणि नगर हवेलीत आहे, त्याचं क्षेत्रफळ अवघं ४९१ चौरस किलोमीटर. ऐंशी-नव्वदच्या दशकांत करसवलतींच्या ओढीने इथे कारखाने आले. पॉलिएस्टर धागा, प्लॅस्टिक, तांबं, केबल. यंत्रं मसाट, आमली, पिपरिया, नरोली भागांत बसली आणि मालकांच्या पेढ्या बहुधा मुंबईतच राहिल्या. माल जातो भिवंडीच्या आणि सुरतेच्या मागांवर. कारखाना एकीकडे, सही करणारा दुसरीकडे, गिऱ्हाईक तिसरीकडे. पूर्वी या तिघांमध्ये रोज संध्याकाळी कागदांची पिशवी आणि फॅक्स फिरे. ते काम आता सामायिक फोल्डर करतो.

दुसरं कारण राखोलीत आहे. तिकडे जाण्याआधी त्या दोन मिनिटांत काय घडतं ते पाहू.

फोल्डरवरचा पहारा

ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह संगणकावर बसवलं की एक छोटा प्रोग्राम कायमचा पहाऱ्याला बसतो. ठरवून दिलेल्या फोल्डरमध्ये फाईल आली, बदलली किंवा नाव बदललं, की विंडोज त्याला कळवतं. मग हा पहारेकरी फाईल उघडून तिचे तुकडे पाडतो. ड्रॉपबॉक्सच्या पद्धतीत एक तुकडा ४ एमबीपर्यंतचा असतो. म्हणजे ४० एमबीच्या स्कॅन केलेल्या फाईलचे दहा तुकडे झाले.

प्रत्येक तुकड्यावर गणिताची एक प्रक्रिया चालवून त्याची खूण काढली जाते. तिला हॅश म्हणतात, आणि शा-२५६ ही पद्धत सर्रास वापरली जाते. तुकडा केवढाही असो, खूण ६४ अक्षर-अंकांचीच निघते. धाग्याच्या कोनवर लॉट नंबरचं स्टिकर असतं, तसंच हे. वेगवेगळ्या लॉटचे कोन एका ताग्यात मिसळले तर रंगाईत पट्टे उमटतात, म्हणून धागेवाला आधी स्टिकर वाचतो. फरक असा, की लॉट नंबर माणूस चिकटवतो आणि चुकीचाही चिकटवू शकतो. हॅश मालातूनच निघते. तुकड्यात एक स्वल्पविराम बदलला तरी खूण पार वेगळी येते, आणि दोन वेगळ्या तुकड्यांची खूण जुळण्याची शक्यता व्यवहारात नाहीच म्हणावी इतकी कमी असते.

खुणा तयार झाल्या की पहारेकरी आधी फक्त त्यांची यादी सर्व्हरला पाठवतो आणि विचारतो, यातलं तुझ्याकडे काय नाही? सर्व्हर म्हणतो, तिसरा आणि सातवा तुकडा नाही. तेवढेच दोन चढतात. म्हणूनच मोठी फाईल कधी क्षणात सिंक होते आणि कधी छोटी फाईल रेंगाळते. लाइन मधेच तुटली तरी पोचलेले तुकडे वाया जात नाहीत; लाइन आली की उरलेले जातात. खानवेलच्या पुढे दुधनीकडे डोंगर सुरू होतात आणि मोबाइलची रेंज तुटक होत जाते. तिथे फोटो 'अर्ध्यावर' राहतात आणि गावात परत आल्यावर आपोआप पूर्ण होतात, ते या यादीमुळे.

फक्त बदललेला भाग पाठवायचा हा विचार जुना आहे. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली आरसिंक नावाचा प्रोग्राम केला. फाईलच्या सुरुवातीला चार अक्षरं घुसवली की पुढचं सगळं सरकतं आणि ठरावीक मापाचे सगळेच तुकडे नवे वाटू लागतात. त्यांनी फाईलवरून सरकत जाणारी एक हलकी बेरीज चालवून जुने तुकडे नव्या जागी ओळखून काढले. एक्सेलच्या बाबतीत मात्र ही हुशारी फारशी कामी येत नाही. एक्सेलची फाईल आतून झिप केलेली असते. एका खान्यातला दर बदलला तरी आतल्या बाइटांची मांडणी हलते, आणि बहुतेक शीट तशाही ४ एमबीच्या आतच असतात. त्या पुन्हा आख्ख्या जातात.

हॅशवर जास्त भरवसा टाकला की काय होतं, याचा एक मजेदार किस्सा २०११ सालचा. एकच फाईल हजारो लोकांनी चढवली तर ती हजारदा साठवायची कशाला, म्हणून ड्रॉपबॉक्स सगळ्या ग्राहकांमध्ये मिळून तुकडे ताडून पाहत असे. मग ड्रॉपशिप नावाचा प्रोग्राम आला. त्याच्या मदतीने, फाईल जवळ नसली तरी नुसत्या खुणांची यादी सांगून 'ही माझ्याकडे आहे' असं भासवता येई, आणि ती फाईल आपल्या खात्यात अवतरे. कंपनीने ते दार लगोलग बंद केलं.

नाव एका ठिकाणी, माल दुसऱ्या ठिकाणी

चढलेली फाईल सर्व्हरवर फाईलसारखी नसतेच. तिकडे दोन वेगळी खाती चालतात. एका खात्यात फाईलचं नाव, फोल्डर, मालक, आवृत्तीचा क्रमांक आणि तुकड्यांच्या खुणा कोणत्या क्रमाने लावायच्या याची यादी असते. दुसऱ्यात नुसते तुकडे. त्यांना नाव नाही, गाव नाही, फक्त खूण. आपण फोल्डरचं नाव 'मार्च'चं 'मार्च फायनल' केलं, तर पहिल्या खात्यात एक ओळ बदलते आणि एकही तुकडा हलत नाही. 'जुनी आवृत्ती परत आणा' ही सोयही यातूनच आली. जुनी यादी ठेवलेली असते, आणि तिच्यातले तुकडे काही दिवस टाकून दिलेले नसतात.

मुंबईच्या संगणकाला बदल कसा कळतो? तो दर सेकंदाला विचारत बसत नाही. त्याने सर्व्हरकडे एक विनंती उघडून ठेवलेली असते आणि सर्व्हर तिला उत्तर न देता ती धरून ठेवतो. सिल्वासातून काही आलं की उत्तर सुटतं: बदल झालाय. मग मुंबईचा पहारेकरी नवी यादी मागतो, आपल्याकडे नसलेले तुकडे उतरवतो, ते जोडतो आणि फाईल जागेवर ठेवतो. इतका वेळ मॅडमना दिसत नसतं. उशीर बहुधा चढण्याच्या टप्प्यावर होतो. घराघरांत पोचलेल्या नेहमीच्या फायबर जोडणीत एका लाइनवर उतरायला अडीच आणि चढायला सव्वा गिगाबिट क्षमता असते, आणि ती बत्तीस किंवा चौसष्ट ग्राहकांत वाटली जाते. जाहिरातीत उतरण्याचा वेग मोठ्या अक्षरांत छापतात. कारखान्याला लागतो तो चढण्याचा.

खरी गंमत, म्हणजे डोकेदुखी, दोघांनी एकच फाईल उघडल्यावर सुरू होते. सिल्वासाचा स्टोअरकीपर स्टॉकशीटमध्ये आजची आवक भरतो, त्याच वेळी मुंबईत कुणीतरी दर बदलतं. दोघेही सेव्ह करतात. सर्व्हरला दोघांचंही म्हणणं 'बारावी आवृत्ती बदलून तेरावी केली' असंच येतं. कोणाची खरी, हे यंत्राला ठरवता येत नाही, आणि त्याने ठरवू नये हेच शहाणपणाचं. म्हणून एक प्रत मूळ नावाने राहते आणि दुसरी 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' असं शेपूट लावून शेजारी बसते. शेपूटवाली फाईल बघून ती फालतू समजून पुसणारी माणसं प्रत्येक ऑफिसात असतात, आणि अनेकदा आजची आवक तिच्यातच असते. गूगल शीट या फंदात पडत नाही, कारण तिथे फाईल अशी हिंडतच नाही. प्रत्येकाचा एकेक बदल सर्व्हरकडे जातो, तिथे त्यांचा क्रम लागतो आणि सगळ्यांना एकच शीट दिसते. संगणकाच्या फोल्डरमध्ये दिसणारी गूगल शीटची फाईल म्हणजे काही बाइटांचा पत्ता असतो. ती पेनड्राइव्हवर घेऊन सीएकडे गेलेल्यांना ते तिथे गेल्यावर कळतं.

टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामची गोष्ट आणखी नाजूक. एका कंपनीच्या टॅली फोल्डरमध्ये एकमेकींवर विसंबलेल्या बऱ्याच फायली असतात, आणि एक व्हाउचर टाकलं तरी त्यातल्या काही एकत्र बदलतात. पहारेकऱ्याला त्यांचं नातं माहीत नसतं. तो एक फाईल आत्ताची आणि दुसरी दहा सेकंदांपूर्वीची उचलतो. चालू डेटाचा फोल्डरच सिंकला लावला की कधीतरी डेटा उघडेनासा होतो, तो यामुळे. जाणते अकाउंटंट टॅली बंद करतात, बॅकअप काढतात आणि ती एकच तयार फाईल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवतात.

राखोली

सिल्वासाहून खानवेलच्या रस्त्याला लागलं की राखोली येतं. इथे मधुबन डॅम रोडवर स्टरलाइट टेक्नॉलॉजीज, म्हणजे आताच्या एसटीएलचा ऑप्टिकल फायबर केबलचा कारखाना आहे. ही कंपनी २००० साली स्टरलाइट इंडस्ट्रीजमधून वेगळी झाली. कच्च्या मालाची, म्हणजे काचेची, बाजू मराठवाड्यात आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्र्याला काचेचे दांडे बनतात आणि त्यांतून तंतू ओढले जातात. केबल राखोलीत.

तंतू ओढण्याचं तंत्र असं: अतिशुद्ध काचेचा जाड दांडा उंच मनोऱ्याच्या टोकाला उभा टांगतात, त्याचं खालचं टोक सुमारे २००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि ओघळणारी काच वेगाने खाली ओढत नेतात. तंतूची जाडी १२५ मायक्रॉन. प्रकाश त्याच्याही मधल्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून धावतो. ही काच इतकी निर्मळ असते की पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. तंतू बाहेर पडता पडताच त्यावर प्लॅस्टिकचा लेप चढतो, कारण उघड्या काचेला हवेतला ओलावाही सोसत नाही.

केबल करताना तंतूंना रंग देतात आणि त्या रंगांचा क्रम ठरलेला असतो: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. रस्त्याकडेच्या खड्ड्यात छत्री धरून तुटकी केबल जोडणारा स्प्लायसर हे बारा रंग झोपेतही म्हणू शकतो. बारा-बारा तंतू नळीत घालतात आणि नळीत जेली भरतात. नळ्या मधल्या कडक दांड्याभोवती आलटून-पालटून उलटसुलट पीळ देत गुंडाळतात, म्हणजे केबल वाकली किंवा ताणली तरी काचेवर ताण येत नाही. मग पाणी लागताच फुगणारा धागा, ताण सोसणारा अरॅमिडचा पिवळा धागा, आणि वर काळं प्लॅस्टिक. धाग्याच्या गावातल्या या केबलमध्येही धागा असतोच. उंदीर कुरतडतील अशा ठिकाणी जायची असेल तर पोलादाचं कवच. वरच्या आवरणावर मीटरमीटरला आकडे छापलेले असतात.

ते आकडे शोभेचे नाहीत. कुठेतरी जेसीबीने केबल तोडली की कंपनीचा माणूस एका टोकाला उपकरण लावून प्रकाशाचा ठोका सोडतो आणि परत येणारा अंधुक प्रतिध्वनी मोजतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे परतीच्या वेळेवरून तुटलेली जागा काही मीटरच्या फरकाने सांगता येते. याच हिशेबाने पाहिलं तर दोनशे किलोमीटर केबल ओलांडून सिल्वासाचा तुकडा नवी मुंबईत पोचायला प्रकाशाला एक हजारांश सेकंद पुरतो. दोन मिनिटांतला बाकी वेळ रांगेत, चढण्यात आणि जुळवाजुळवीत जातो.

वाटेचा हक्क

नकाशावर पाहिलं तर या प्रदेशातून बाहेर पडणारी कुठलीही जमिनीवरची केबल गुजरातेत नाहीतर महाराष्ट्रात शिरल्याशिवाय कुठेच जात नाही. खुद्द दादरा आणि नगर हवेली हे दोन तुकडेही एकमेकांना लागून नाहीत. मध्ये गुजरातचा पट्टा आहे. उलट मघवाल हे गुजरातचं गाव नगर हवेलीच्या पोटात आहे. इथे राज्य करणाऱ्या पोर्तुगीजांना हा भूगोल चांगलाच नडला. जुलै १९५४ मध्ये दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं. त्या मोहिमेत सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी माणसं होती. मग पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. दमणहून इथवर यायला भारताच्या भूमीवरून वाट मिळावी, हा त्यांचा दावा. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्या वाटेचा हक्क मानला, सैन्य आणि शस्त्रं यांचा मानला नाही, आणि भारताने काही बेकायदा केलेलं नाही असंही सांगितलं.

आज फाईलला वाट लागते ती दुसऱ्यांच्या केबलमधून, दुसऱ्यांच्या खड्ड्यांतून. त्या वाटेचे हक्क ग्रामपंचायती, रस्ते खाती आणि रेल्वे यांच्याकडून परवानग्यांच्या रूपात घ्यावे लागतात, आणि त्याची किंमत बिलात कुठेतरी मिसळलेली असते. कारखान्यांना दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइनी घ्यायला सांगतात. दोन्ही कंपन्यांची केबल शेजारच्या वापीच्या एकाच रस्त्याकडेने आली असेल, तर एकच जेसीबी दोन्ही तोडतो. लाइन घेताना रस्ता कोणता, हे विचारणारे थोडे.

ठाणे-बेलापूर रस्त्याला

मुंबईच्या दिशेने गेलेल्या धाग्यांचा मोठा गुंता ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात सुटतो. एमआयडीसीच्या ज्या पट्ट्यात एकेकाळी रासायनिक कारखान्यांची चिमणी हीच ओळख होती, तिथे आता डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या मोठ्या इमारती उभ्या आहेत. इथेच का? एक म्हणजे वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबली जमिनीवर येतात. दुसरं, बँका आणि शेअर बाजार जवळ. तिसरं, वीज. ॲमेझॉनने आपल्या क्लाउडचा मुंबई विभाग जून २०१६ मध्ये सुरू केला, गूगलने २०१७ मध्ये. मायक्रोसॉफ्ट त्याआधीच, २०१५ मध्ये, पुण्यात आलं होतं.

इथे एक गैरसमज खोडायला हवा. ढग मुंबईत आला म्हणजे आपली फाईल मुंबईत आली असं नाही. हे विभाग पैसे देऊन सर्व्हर घेणाऱ्या कंपन्यांसाठी आहेत. जागा ती कंपनी निवडते. फुकटच्या खात्यातला फोटो जगातल्या कोणत्या केंद्रात आहे हे आपल्याला सांगितलं जात नाही, आणि तो एका ठिकाणी असतोही क्वचितच.

आत गेलेल्या तुकड्याचं नशीब पाहण्यासारखं आहे. डिस्क मरतात. हजारो डिस्क चालवणाऱ्या बॅकब्लेझसारख्या कंपनीच्या जाहीर आकड्यांनुसार वर्षाला शंभरात एखाद-दोन डिस्क जातात. लाखो डिस्क असतील तर रोज काही मरणारच. मग ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवण-सेवा 'अकरा नवां'ची हमी कशी देते? (९९.९९९९९९९९९ टक्के, त्यांच्याच उदाहरणाप्रमाणे, एक कोटी वस्तू ठेवल्या तर दहा हजार वर्षांत एखादी हरवेल.) सरळ उपाय म्हणजे तीन प्रती. पण मग तिप्पट डिस्क लागतात. दुसरा उपाय गणिताचा आहे. सात आणि पाच हे दोन आकडे वेगळ्या डिस्कवर ठेवले आणि त्यांची बेरीज बारा तिसऱ्या डिस्कवर ठेवली, तर कोणतीही एक डिस्क गेली तरी हरवलेला आकडा निघतो. आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० साली याच कल्पनेचं फार पुढचं रूप मांडलं. फेसबुकने २०१४ मध्ये सांगितलेल्या आपल्या जुन्या फोटोंच्या साठवणीत दहा तुकड्यांना चार जादा तुकडे जोडले जातात. चौदांपैकी कोणतेही दहा हाती लागले की मूळ माल पुन्हा उभा राहतो. सिल्वासाच्या डिस्पॅचमध्ये हेच गणित रोज हाताळलं जातं, फक्त कुणाला माहीत नसतं. इनव्हॉइसवरचा क्यूआर कोड ग्रीसचा डाग पडूनही स्कॅन होतो, तो रीड-सॉलोमनमुळे.

विजेचं काय? १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. शेअर बाजारांचे व्यवहार मात्र चालू राहिले. अशा वेळी बॅटऱ्या पहिली काही मिनिटं सांभाळतात आणि तेवढ्यात डिझेल जनरेटर भार उचलतात. आभाळातल्या ढगाच्या मागच्या अंगणात डिझेलच्या टाक्या असतात.

पुसणंही सिंक होतं

इतकी कडेकोट व्यवस्था पाहिली की माणूस निर्धास्त होतो, आणि घोळ नेमका तिथे होतो. अकरा नव डिस्क मरण्यापासून वाचवतात. माणसाच्या चुकीपासून वाचवत नाहीत. सिंकचं काम सगळीकडे सारखं ठेवणं, आणि ते तो इमानाने करतो. मुंबईत कुणी '२०२२-२३' फोल्डर जुना समजून पुसला तर सिल्वासातूनही तो जातो. रॅन्समवेअरने फायली कुलूपबंद केल्या, तर कुलूपबंद फायलीच 'नवी आवृत्ती' म्हणून चढतात. पुसलेलं गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहतं. मार्चचा फोल्डर गेलाय हे सप्टेंबरात, ऑडिटला कळलं, तर ते ३० दिवस कधीच संपलेले असतात. सिंक आणि बॅकअप ही दोन कामं आहेत. इथले बहुतेक छोटे कारखानदार पैसे देतात पहिल्याचे आणि गृहीत धरतात दुसरं.

यंत्रांच्याही चुका होतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या संगणकावरच्या प्रोग्रामच्या ८४ व्या आवृत्तीत काही लोकांच्या महिनोन्‌महिन्यांच्या फायली दिसेनाशा झाल्या. गूगलला त्या परत मिळवण्याची सोय पुढच्या महिन्यात द्यावी लागली. याहून मोठा तडाखा दक्षिण कोरियाला बसला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांची आग लागली. सरकारी नोकरांचे कामाचे कागद जिच्यात होते ती 'जी-ड्राइव्ह' ८५८ टेराबाइटसकट जळाली. पसारा फार मोठा म्हणून तिचा बाहेर बॅकअपच नव्हता. कर्मचाऱ्यांना कागद स्वतःच्या संगणकावर न ठेवता तिथेच ठेवायला सांगितलेलं होतं.

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला एक साधा हिशेब आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर चालू संगणक, ड्राइव्ह, आणि आठवड्यातून एकदा जोडून पुन्हा काढून ठेवायची हार्ड डिस्क. डिस्क काढून ठेवणं हा यातला महत्त्वाचा भाग, कारण जोडलेल्या डिस्कलाही व्हायरस पोचतो. आणि तिच्यावरची एक फाईल अधूनमधून उघडून पाहणं.

पंधरा जीबी आणि एक खातं

या सगळ्याचा खर्च कोण देतं, हा प्रश्न २००७ मध्ये ड्रॉपबॉक्स काढणाऱ्या ड्रू ह्यूस्टन आणि अराश फर्दौसी यांनाही होता. सुरुवातीला त्यांचे तुकडे ॲमेझॉनच्या गोदामात भाड्याने ठेवलेले असत. भाडं वाढत गेलं तसं त्यांनी स्वतःची केंद्रं उभारली, आणि २०१६ मध्ये ५०० पेटाबाइट माल, म्हणजे ग्राहकांच्या मालाचा सुमारे ९० टक्के भाग, तिकडे हलवल्याचं जाहीर केलं. गूगलने २०१३ पासून ड्राइव्ह, मेल आणि फोटो यांना मिळून १५ जीबी फुकट दिलं. १ जून २०२१ पासून आकार कमी करून चढवलेले फोटोही त्या हिशेबात धरले जाऊ लागले. याचा फटका छोट्या युनिटला विचित्र जागी बसतो. पर्चेसचा माणूस मोबाइलवर तेच खातं वापरतो, सहलीचे व्हिडिओ चढतात, १५ जीबी भरतं, आणि गिऱ्हाइकाने पाठवलेली ऑर्डरची मेल परत जाते.

लिंकची सवय तर आणखी वाईट. 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय निवडला की परवानगीची कटकट मिटते. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कामगारांची आधारकार्डं आणि बँकेची पासबुकं ठेकेदार अशाच फोल्डरमध्ये जमवतात आणि लिंक व्हॉट्सॲपवर फिरवतात. लिंक ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळं. पासवर्ड लागतच नाही. याच्या उलट रचना डिजीलॉकरची आहे. २०१५ पासून चालू असलेल्या या सरकारी सेवेत बोर्डाने किंवा परिवहन खात्याने दिलेला दाखला लॉकरात साठवलेला नसतो. तिथे असतो त्या खात्याच्या नोंदीचा पत्ता, आणि उघडताना कागद मूळ जागेवरून येतो. म्हणूनच त्याला मूळ प्रतीइतकी मान्यता मिळाली.

आणि खातं कोणाचं? बऱ्याच युनिटांत ड्राइव्ह सुरू केला तो चटपटीत अशा एखाद्या क्लार्कने, स्वतःच्या जीमेलवर. फायलींची मालकी त्या खात्याकडे राहते. फोल्डर सगळ्यांना दिसतो म्हणून तो कंपनीचा होत नाही. तो क्लार्क वापीला दुसरीकडे लागला आणि ते खातं त्याने वापरणंच सोडलं, तर दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचं गूगलचं धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. मालकी बदलता येते, पण ते काम जाणाऱ्यालाच करावं लागतं, आणि नव्या मालकाने होकार दिल्याशिवाय ते पुरं होत नाही. तेव्हा हिशेब चुकता करताना गेटपास आणि युनिफॉर्म जमा करून घेण्याबरोबरच त्याला संगणकासमोर बसवून मालकी कंपनीच्या खात्यावर घ्यावी लागते, आणि होकाराचा मेल पर्चेसच्या भरलेल्या खात्यावर पाठवून चालत नाही.